जुनी स्पोर्ट्स कार सुरू होत नाही किंवा चालता चालता बंद पडते तेव्हा दोष कसा शोधावा

इंजिन सुरू होईनासे झाले किंवा चालत्या गाडीत बंद पडू लागले, की पहिला मोह होतो तो सुटे भाग बदलण्याचा. आधी प्लग, मग कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग), मग पंप, आणि एवढे करूनही गाडी पुन्हा त्याच वळणावर उभी राहते. पैसे जातातच, पण माझ्या मते त्याहून मोठे नुकसान असे, की भाग बदलताना जुने जोड हलतात, त्यामुळे दोष काही दिवस दडून बसतो आणि त्याचा माग लावणे दुप्पट अवघड होते. पेट्रोल इंजिनाला चालायला योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात इंधन व हवा आणि पुरेसे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण दाबले जाणे, लागते. इंजिन बंद असलेल्या त्या क्षणी यांपैकी नेमके काय नाहीसे झाले होते, हे मोजून कळेपर्यंत एकही भाग विकत घेऊ नये. खालची सगळी पद्धत या एका नियमावर उभी आहे. ती साधारणपणे १९६० ते १९९० च्या दशकांतील गाड्यांना, म्हणजे कार्ब्युरेटरच्या आणि सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाड्यांना लागू पडते.

काम मोकळ्या हवेत करावे, आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी ठेवावे, गाडी न्यूट्रलमध्ये आणि चाकांना अडण लावलेली असावी. इग्निशनच्या, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्रणेच्या, उच्च विद्युत दाबाच्या वायरींवर हजारो व्होल्ट असतात. ज्यांच्या हृदयात पेसमेकर आहे त्यांनी चालू इंजिनाच्या इग्निशनजवळ जाऊच नये.

आधी वही, मग पाना

दोष केव्हा येतो हे जितके नेमके लिहाल तितका शोध छोटा होतो. इंजिन थंड होते की गरम, किती मिनिटे चालल्यावर बंद पडले, टाकीत पेट्रोल किती होते, गाडी चढावर जोर लावत होती की सिग्नलला उभी होती, आणि बंद पडल्यावर किती वेळाने पुन्हा सुरू झाली, हे प्रत्येक वेळी लिहून ठेवावे. बंद पडण्याची रीत तर अवश्य लिहावी. बटण दाबून दिवा मालवावा तसे इंजिन एका क्षणात मेले, तर संशय विजेवर जातो. आधी ओढ कमी झाली, आचके आले, ॲक्सिलरेटर दाबल्यावर थोडा जीव आला आणि मग बंद पडले, तर बहुधा इंधन कमी पडले असते.

येथे आरपीएमचा काटा उत्तम साक्षीदार आहे. अनेक जुन्या गाड्यांत त्याला सिग्नल कॉइलच्या प्राथमिक, म्हणजे कमी व्होल्टेजच्या, मंडलातून मिळतो. गाडी गिअरमध्ये असताना इंजिन बंद पडले तरी चाके त्याला फिरवत राहतात. अशा वेळी गाडी वेगात असूनही काटा झटकन शून्यावर आला, तर प्राथमिक इग्निशन मेलेले आहे. म्हणजे चावीचे स्विच, कॉइलकडे जाणारी वायर, पॉइंट (हे मंडल जोडणारे-तोडणारे संपर्क) किंवा क्रँक सेन्सर (इंजिनाचे फिरणे ओळखणारा) यांत शोधावे. काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरत गेला आणि इंजिन मात्र ओढत नसेल, तर प्राथमिक मंडल जिवंत आहे. मग इंधनाकडे किंवा कॉइलच्या पुढच्या उच्च दाबाच्या भागाकडे वळावे. केबलवर चालणाऱ्या यांत्रिक काट्यांना मात्र हा न्याय लागू नाही. हे निरीक्षण करताना गाडी सुरक्षित बाजूला घेणे हे पहिले काम समजावे, कारण इंजिन बंद झाल्यावर ब्रेक जड होतो आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. गाडी थांबेपर्यंत चावी बाहेर काढू नये.

स्टार्टर फिरतच नाही किंवा मरगळून फिरतो

बॅटरी काही तास विश्रांती दिल्यावर मोजावी. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.४ म्हणजे अंदाजे पाऊण, आणि १२ व्होल्टला ती जवळजवळ रिकामी असते. आता स्टार्टर मारताना मोजावे. सामान्य तापमानाला व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. हेडलाइट लावून चावी फिरवली आणि दिवे अगदी मंदावले, तर बॅटरी कमजोर आहे, तिच्या टर्मिनलवर जोड खराब आहे किंवा इंजिन जड झाले आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि आवाजही आला नाही, तर वीज स्टार्टरपर्यंत पोहोचतच नाही.

केबल डोळ्यांनी चांगली दिसते म्हणून ती चांगली असते असे नाही. मल्टीमीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी थेट इंजिनच्या धातूवर ठेवून स्टार्टर मारायला सांगावे. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असल्याने त्याचे अर्थिंग एका जाड पट्टीवर अवलंबून असते. ती पट्टी सुटली वा गंजली, की स्टार्टरचा प्रचंड प्रवाह दुसरी वाट शोधतो आणि ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलीतून जातो. स्टार्टर मारल्यानंतर चोकची केबल हाताला गरम लागली, तर निदान तिथेच झाले असे समजा. धन बाजूही अशीच मोजावी. बॅटरी ते स्टार्टर ०.५ व्होल्टपर्यंतची घट चालते.

थंड असताना स्टार्टर व्यवस्थित फिरतो आणि गरम झाल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो, ही वेगळी तक्रार आहे. चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची, म्हणजे स्टार्टरच्या विद्युतचुंबकी स्विचपर्यंतची, बारीक वायर जुन्या स्विचमधून आणि अनेक जोडांमधून लांबचा प्रवास करते. चावी फिरवलेली असताना सोलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर बॅटरीपेक्षा २ व्होल्टहून अधिक कमी मिळत असतील, तर स्टार्टर उतरवण्याआधी ही वाट दुरुस्त करावी. या वाटेत स्वतंत्र रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारे स्विच) बसवणे हा अनेक गाड्यांत टिकणारा उपाय ठरतो.

एक गोष्ट मात्र ऐकताक्षणी हात थांबवावा अशी आहे. इंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर आणि एकसुरी फिरू लागले, कॉम्प्रेशनचे ठोके ऐकू येईनासे झाले, तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडायला लावणारा पट्टा) तुटल्याची किंवा घसरल्याची शक्यता असते. १९८२ ते १९९१ या काळातील पोर्शे ९४४ सारख्या इंजिनांत अशा वेळी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. पुन्हा चावी न फिरवता बेल्टचे कव्हर काढून पाहावे.

इंजिन फिरते, पण पकडत नाही

आता ठिणगी की इंधन, एवढाच प्रश्न उरतो. तो आधी ठिणगीच्या बाजूने सोडवावा, कारण ती तपासणे स्वच्छ आणि जलद असते. त्यासाठी समायोजित अंतराचा स्पार्क टेस्टर वापरावा. वायर हातात धरून ती बॉडीजवळ नेण्याची जुनी सवय सोडून द्यावी. झटका तर बसतोच, शिवाय इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये ठिणगीला वाट न मिळाल्यास कॉइल किंवा मॉड्यूल जळू शकते.

कॉइलच्या मुख्य वायरीवर दमदार निळसर ठिणगी आहे पण प्लगवर नाही, तर दोष डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या भागाच्या) टोपीत किंवा आत फिरणाऱ्या रोटरमध्ये आहे. टोपी आतून पुसून प्रकाशात तिरकी धरावी. कार्बनची केसाएवढी बारीक काळी रेघ दिसली तर वीज त्या रेघेवरून गळते आहे. रोटरचे दुखणे अधिक लबाड असते. त्याच्या पितळी पट्टीचे रिव्हेट खाली शाफ्टच्या फार जवळ असेल, तर ठिणगी रोटरच्या अंगातूनच शाफ्टकडे पळते, आणि भाग नवा कोरा असूनही हे घडते. म्हणून चालू अवस्थेतला जुना रोटर आणि कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा भाग) कधी फेकू नयेत. ते पेटीत ठेवावेत.

कॉइलवरच ठिणगी नसेल तर पॉइंटच्या गाडीत टेस्ट लॅम्प कॉइलच्या ऋण टर्मिनल आणि अर्थ यांच्यामध्ये लावून स्टार्टर मारावा. लॅम्प लुकलुकला तर प्राथमिक मंडल काम करते आहे आणि संशय कॉइल व कंडेन्सरवर येतो. लॅम्प सतत जळत राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, किंवा त्यांच्यावर काजळी धरली आहे. अजिबात जळला नाही तर कॉइलला पुरवठाच नाही, नाहीतर पॉइंटची बाजू कुठेतरी कायमची अर्थ झाली आहे. एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांतील लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल किंवा संगणक असलेल्या गाडीत साध्या बल्बऐवजी एलईडीचा टेस्टर वापरावा, कारण बल्ब जास्त प्रवाह ओढतो.

चावी फिरवून धरली आहे तोवर इंजिन पकडते आणि चावी सोडताच मरते, हे लक्षण कळले तर बरेच कष्ट वाचतात. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोध) असलेल्या गाड्यांत सुरू करताना कॉइलला पूर्ण व्होल्टेज थेट मिळते आणि चावी सोडल्यावर तोच पुरवठा रेझिस्टरमधून येतो. रेझिस्टर किंवा त्याची वायर तुटली, अथवा चावीच्या स्विचचा ‘चालू’ हा संपर्क झिजला, की नेमके असेच घडते.

इंधनाकडे वळताना आधी प्लग काढून पाहावेत. बराच वेळ फिरवूनही प्लग कोरडे असतील तर पेट्रोल येत नाही. ओले असतील तर ते जास्त झाले आहे. चोक न वापरता, म्हणजे त्याची मूठ पूर्ण आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून स्टार्टर मारावा म्हणजे जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. एसयू बनावटीचा विजेवरचा पंप आवाजावरून ओळखता येतो. चावी चालू केल्यावर तो टक-टक करतो, कार्ब्युरेटरची वाटी (पेट्रोल साठवणारा छोटा कप्पा) भरली की थांबतो. तो थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे, पंप कुठूनतरी हवा ओढतो आहे किंवा वाटीत पेट्रोल अडवणारी सुई बंद होत नाही. आवाजच नसेल तर त्याचे आतील संपर्क चिकटले असू शकतात.

इंजेक्शनच्या गाडीत केवळ चावी चालू केल्यावर पंपाचा आवाज आला नाही म्हणून त्याला दोषी ठरवू नये. बॉशच्या सुरुवातीच्या एल-जेट्रॉनिक या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धतीत हवा मोजणाऱ्या यंत्राची झडप हलली तरच पंपाला वीज मिळते. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या १.६ लिटर गाड्यांतही हीच व्यवस्था आहे. त्यांच्या बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक पेटीत ‘एफ/पी’ (पंप) आणि ‘जीएनडी’ (अर्थ) ही टर्मिनले जोडून चावी चालू केली की पंप थेट चालवून पाहता येतो. पोर्शे ९४४ मध्ये संगणकाला फ्लायव्हीलजवळच्या सेन्सरांकडून इंजिन फिरत असल्याचा सिग्नल मिळाल्यावरच तो डीएमई रिलेमार्फत (संगणकाला आणि पंपाला वीज देणाऱ्या रिलेमार्फत) पंप चालवतो. त्या गाडीत स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा किंचित थरथरतो. तो निश्चल राहिला तर एकतर वेगाचा सेन्सर गप्प आहे, नाहीतर रिलेकडून संगणकालाच वीज मिळत नाही. सेन्सर आणि फ्लायव्हील यांत सुमारे ०.८ मिलिमीटर अंतर हवे. दोन सेन्सरांचे जोड एकमेकांच्या जागी लागले तरी गाडी सुरू होत नाही, हे क्लचचे काम झाल्यावर लगेच तपासावे. डीएमई रिलेच्या आत सोल्डरच्या जोडाला उष्णतेने बारीक कडे पडते. भिंगाखाली पाहिल्यावर पिनभोवती गोल काळी भेग दिसते. म्हणून या गाडीत एक जादा रिले नेहमी बरोबर ठेवणे शहाणपणाचे.

पंप चालतो हे कळल्यावर दाब मोजावा. एल-जेट्रॉनिकमध्ये तो साधारण २.५ ते ३ बार असतो, तर जुन्या पोर्शे ९११ मध्ये वापरलेल्या यांत्रिक के-जेट्रॉनिकमध्ये ५ बारच्या आसपास. नेमका आकडा आपल्या गाडीच्या कार्यशाळा पुस्तिकेतूनच घ्यावा.

थंड असताना उत्तम, गरम झाल्यावर हट्टी

बहुतेकांची दमछाक येथे होते, आणि येथेच घाई सर्वांत महाग पडते. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाण्याचा प्रवाह थांबतो, त्यामुळे बॉनेटखालचे तापमान काही मिनिटे वाढत जाते. या उष्णतेने तीन वेगवेगळी दुखणी जन्म घेतात आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात.

पहिले म्हणजे वाफ. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून इनटेकमध्ये सांडते, किंवा पंपाच्या आधीच्या नळीत वाफेचा अडसर होतो. पेट्रोलमधील हलके घटक ४० अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागतात आणि इथेनॉलच्या कमी प्रमाणातील मिश्रणाने वाफ होण्याचा कल आणखी वाढतो. पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवून दहा मिनिटांत गाडी सुरू झाली, तर दिशा मिळाली. इलाज पंप बदलण्यात नसून नळी एक्झॉस्टपासून दूर नेण्यात, उष्णतारोधक पत्रा परत बसवण्यात आहे. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडून चिरतात, त्या मात्र याच वेळी बदलाव्यात.

दुसरे म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत बंद केल्यानंतर दाब न टिकणे. दाब टिकला तर पेट्रोल उकळत नाही; तो पंपाच्या झडपेतून, रेग्युलेटरमधून (दाब ठरवणाऱ्या भागातून) किंवा एखाद्या इंजेक्टरमधून गळून गेला की नळीत वाफ होते आणि गरम इंजिन बराच वेळ फिरवावे लागते. गेज लावून इंजिन बंद करावे आणि काटा पाहत राहावे. मग परतीची नळी आणि पुरवठ्याची नळी आळीपाळीने चिमटून दाब कोणत्या बाजूने जातो हे ठरवावे. मात्र वाळलेल्या रबरावर चिमटा लावू नये, कारण ते तिथेच फुटते.

तिसरे म्हणजे गरम होताच मंडल तोडणारे विद्युत भाग: कॉइल, इग्निशन मॉड्यूल, क्रँक सेन्सर. हे भाग थंड अवस्थेत मोजले तर निर्दोष ठरतात, म्हणून ते दोष असतानाच मोजायला हवेत. गाडी बंद पडताच, ती थंड होण्याआधी, स्पार्क टेस्टर लावावा. सेन्सर काढून, मल्टीमीटर जोडून त्याला केस वाळवण्याच्या यंत्राने गरम करावे. ठराविक तापमानाला ओहमचा आकडा एकदम अनंतावर गेला, तर याहून खात्रीचा पुरावा नाही.

वीस-तीस मिनिटे वेगात चालून बंद पडणारी आणि पाच मिनिटे उभी राहून पुन्हा चालणारी गाडी मात्र दर वेळी उष्णतेचीच बळी असेल असे नाही. टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा ‘स्स्’ आवाज आला, तर टाकीची हवेची वाट बुजलेली आहे. टाकीतला गंज आणि गाळ चाळणीवर बसून पेट्रोल अडवतो आणि गाडी उभी राहिल्यावर खाली पडून वाट मोकळी करतो, हेही अगदी असेच दिसते.

उभ्या गाडीत किंवा पाय उचलताच बंद पडणे

येथे पहिला संशयित चोरून आत येणारी हवा. हवा मोजणाऱ्या यंत्राच्या पुढे, रबरी नळीच्या घड्यांमध्ये चीर पडली, की मोजणीबाहेरची हवा आत येते आणि मिश्रण पातळ होते. नळी बोटांनी ताणून घडी उघडून पाहावी, कारण नुसत्या नजरेला चीर दिसत नाही. एल-जेट्रॉनिकच्या अनेक गाड्यांत तेलाचे झाकण सैल असले तरी इंजिन डगमगते, म्हणून झाकणाचे रबरही तपासावे. ब्रेक दाबल्यावरच इंजिन बंद पडत असेल तर सर्व्होची, म्हणजे ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची, नळी चिमटून पाहावी. दोष थांबला तर सर्व्होचा पडदा फाटला आहे, आणि ही बाब ब्रेकची असल्याने ती पुढे ढकलू नये. गळती शोधायला धुराचे यंत्र सर्वांत सुरक्षित. गरम इंजिनावर ज्वलनशील फवारा मारू नये.

तापमानाचा सेन्सरही मोजावा. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण २.५ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ते ३५० ओहम असतो. त्याची वायर तुटली की संगणकाला इंजिन अतिथंड वाटते आणि गरम इंजिनात पेट्रोल ओतले जाते.

माझ्या स्वतःच्या गाडीत पाय उचलताच इंजिन मरायचे. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, सगळे बदलून झाले होते. शेवटी टोपी काढून, टेस्ट लॅम्प लावून, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (ठिणगीची वेळ पुढे-मागे करणाऱ्या यंत्रणेची) नळी तोंडाने ओढली. पॉइंट बसलेली आतली चकती फिरली, आणि सोडताच ती मागे येताना लॅम्प क्षणभर विझला. पॉइंटपासून बाहेर जाणारी चार-पाच सेंटिमीटरची लवचीक वायर वरून अगदी शाबूत होती, पण बोटांत धरून वाकवल्यावर एका जागी मऊ लागली. आतल्या तारा तुटून नुसते कव्हर उरले होते. तो तुकडा बदलल्यावर तक्रार परत आली नाही. तेव्हापासून हलणाऱ्या चकतीवरची प्रत्येक वायर मी डोळ्यांनी न पाहता हाताने तपासतो.

अधूनमधून येणाऱ्या दोषांसाठी हाच मार्ग चावीच्या स्विचला, फ्युजपेटीला आणि नंतर बसवलेल्या चोरीविरोधी यंत्राला लावावा. इंजिन आयडलिंगवर ठेवून चावी हलकेच डावी-उजवी हलवावी, फ्युजवर बोट दाबावे, वायरींचा जुडगा एकेक वीत हलवत जावा. चावीला जड जुडगा असेल तर तो आधी काढावा. चोरीविरोधी यंत्राचे मुरगळून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड दिसले, तर ते सर्वप्रथम नीट करून घ्यावेत.

कॉम्प्रेशन मी बहुधा शेवटी मोजतो. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि इंधन व इग्निशन बंद अशा स्थितीत मोजावे. सिलिंडरांमधील फरक १५ टक्क्यांहून अधिक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

दुरुस्तीनंतर तपासणी वहीतल्या जुन्या नोंदींप्रमाणेच करावी. गरम झाल्यावर दोष येत असेल तर गाडी पूर्ण तापवून बंद करावी आणि १०, २० व ४० मिनिटांनी सुरू करून पाहावी. टाकी कमी असताना येत असेल तर टाकी कमी असतानाच न्यावी. काढलेला भाग, तारीख आणि मोजलेला आकडा लिहून त्याच पेटीत ठेवावा.